तीन बोटं आणि तिसरी टाकी

१

"लालसू दारू पिऊन टाकीत उतरला व मेला." एवढं एक वाक्य मी लिहायचं आणि खाली सही ठोकायची. मॅनेजरसाहेबांनी टाक दौतीत बुडवून माझ्यापुढं धरलासुद्धा होता.

मी सही केली नाही. मी तोंडाळ बाई आहे आणि हट्टीही आहे, हे आमच्या आरामशीनवर कोणालाही विचारा. गोकुळाबाई माझं नाव. कुरखेड्याकडची ढिवराची लेक, बाप तळ्यात जाळं टाकायचा. नवरा लवकर गेला, मग नागपुरात जाऊन नर्सिंग शिकले आणि पोंभुर्ण्याच्या जंगलातल्या या आरामशीनच्या दवाखान्यात लागले. चांद्याचा डॉक्टर फक्त मंगळवारी यायचा. बाकीचे सहा दिवस ताप, बाळंतपण, विंचू, आऱ्यानं कापलेलं बोट, सगळं माझ्या अंगावर. म्हणून या कागदावर माझीच सही लागत होती.

ती सकाळ गुरुवारची, सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यातली. नऊच्या सुमाराला भोंगा वाजला, तोही थांबून थांबून तीनदा. म्हणजे अपघात. मी बाहेर येते तर चौघंजण लालसूला बाजेवर घालून धावत आणत होते. लालसू म्हणजे आमच्याकडचा गोंड मजूर, तिशीतला, अंगानं वाळका पण कामाला वाघ. ओठ निळे पडले होते.

मी त्याला दवाखान्याच्या ओसरीवर पालथा घातला आणि पाठीवर दाब द्यायला लागले. दाबायचं, सोडायचं, हात उचलायचे. ठेका चुकू नये म्हणून त्याचा भाऊ बिरजू शेजारी बसून मोजत होता. बिचाऱ्याला रडता रडता मराठी आकडे सुचेनात, तो आपल्या गोंडीतच मोजत राहिला.

"उंदी... रंड... मुंद... उंदी... रंड... मुंद..."

तेवढ्यात झाडू, ऑफिसचा चपराशी, माझ्या डोक्याशी येऊन उभा. "बाई, लाल कापड पायजे. साहेबानं मांगलं."

"कपाटात आहे ते घे अन् तोंड काळं कर इथून!" मी खेकसले. माणूस मरून राह्यला आणि याला कापड सुचून राह्यलं.

अर्धा तास दाबलं. माझे खांदे भरून आले. बिरजूचा आवाज बसला. लालसू काही परतला नाही. मी त्याचं तोंड हुंगलं, दोनदा हुंगलं. दारूचा वास नव्हता. तेलाचाही नव्हता. कसलाच नव्हता.

आणि तासाभरात मॅनेजर टाक घेऊन उभे, की लिहा, पिऊन मेला.

२

आधी या टाक्या सांगते. लढाईच्या काळात गोऱ्या मिलिटरीला सागाच्या फळ्या घाईनं हव्या होत्या, तेव्हा त्यांनी फळ्या सुकवायच्या भट्ट्या इथं बांधल्या. भट्ट्यांना काळं तेल लागायचं. ते साठवायला जमिनीखाली तीन लोखंडी टाक्या पुरल्या, एकेक घराच्या खोलीएवढी. लढाई संपली, गोरे गेले, भट्ट्या लाकडाच्या भुशावर चालू लागल्या. टाक्या तशाच राहिल्या. आता मालकानं ठरवलं, की या टाक्या कायमच्या बंद करायच्या. तेल उपसायचं, धुवायचं, आठ दिवस उघडी ठेवून हवा खेळू द्यायची, आतली खरवड काढायची, मग रेतीनं गच्च भरून वर सिमेंट. नागपूरहून फॅक्टरी इन्स्पेक्टर शनिवारी ते बघायला येणार होते.

पहिली टाकी फाटकासमोर, दुसरी मधोमध, तिसरी पार मागं, बांबूच्या बेटाशी. उघड्या टाकीत जायचं नसेल तर काठीला लाल फडकं. जायला हरकत नसेल तर पांढरं. लालसूला गळ लावून वर काढलं ते तिसऱ्या टाकीतून.

"तिथे लाल फडकं होतं," मॅनेजर म्हणाले. सावरगावकर त्यांचं आडनाव, पण ते मजुरांच्या जिभेला झेपत नसे म्हणून सगळे गावकरसाहेब म्हणायचे. "शुद्धीत असलेला माणूस लाल फडकं ओलांडून आत जाईल का? प्यायलेलाच जाईल. साधी गोष्ट आहे, बाई."

"मी वास घेतला, साहेब. दारू नव्हती."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. पण नाक आहे मला."

त्यांनी टाक खाली ठेवला. "शनिवारी सकाळी आठला तिसरी टाकी भरायला घेतोय. इन्स्पेक्टर यायच्या आत तुमचा कागद माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर सोमवारपासून दवाखान्यात दुसरी बाई दिसेल."

ऑफिसच्या पायरीशी बुधरी बसली होती, लालसूची बायको. कडेवर दोन वर्षांची पोर, सोमारी. मशीनवर एक नेम होता: माणूस कामावर मेला तर त्याच्या जागी बायकोला कामाला घेत आणि खोली तिच्याकडेच राही. स्वतःच्या दारूनं मेला तर आठ दिवसांत खोली खाली.

"बुधरी, खरं सांग, तो पीत होता?"

"पेत होता ना, बाई. सणाले पेत होता. खोटं काऊन बोलू? पर कामावर कधी नाई." मग तिनं माझा पदर धरला. "खोली घेऊन घेऊ दे त्याईले. पर माह्या पोरीचा बाप पिऊन मेला, असं कागदावर नको लिहू. कागद मरत नाई, बाई."

मी म्हटलं, "नाही लिहीत."

म्हटलं खरं. पण मग लालसू त्या टाकीत गेलाच कशाला? हे मला सांगता येत नव्हतं, आणि ते सांगता आल्याशिवाय माझ्या नाकावर कोण विश्वास ठेवणार?

३

मी पहिल्यांदा इस्तारीभाऊला गाठलं. टाक्यांच्या कामाचा मुकादम तो. माझ्याच जातीचा, माझ्याच बापासारखा मासोळीवर वाढलेला. पहिल्या टाकीपाशी बसून कोंबडीला कण्या टाकत होता.

ही कोंबडी साधी नव्हती. बंद विहिरीत उतरताना लोक कंदील सोडतात, पण तेलाच्या टाकीत कंदील सोडला तर सगळेच उडतील. म्हणून इस्तारी कोंबडी टोपलीत घालून खाली सोडायचा. ती कुरकुरत वर आली की मग माणूस. तिला कापायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"आज कोण्या टाकीचं काम होतं, भाऊ?"

"पहिलीचं, दुसरं कोणतं? आठ दिवस हवा दिली. सकाळी कोंबडी सोडली, वर आली ते माह्यावरच चिडली. पांढरं फडकं लावलं मी. लालसूनं आत उतरून खरवड काढाची, असंच ठरलं होतं."

"मग तो तिसरीत कसा गेला?"

"तेच तं मले समजून नाई राह्यलं!" त्यानं कण्या खाली टाकल्या. "मी दोर आणाले बॉयलरकडे गेल्तो. लालसू इथी मधोमध उभा, खराटा-बादली घेऊन. तिकडून मल्लय्यानं त्याले ओरडून काहीतरी सांगितलं. आरा चालू होता, मले काही आयकू नाई आलं. मल्लय्या पाठ फिरवून गेला. तं लालसूनं माह्याकडे पाहून तीन बोटं दाखवली, अशी. मले वाटलं, तीन जणाईसाठी तंबाखू मांगून राह्यला. मी मान हालवली." त्यानं कपाळावर हात मारला. "मी मान हालवली ना, बाई. हो म्हटलं त्याले. घडीभरानं येऊन पाहतो तं तिसरीचं झाकण सरकलेलं आन् हा खाली आडवा. बिरजू उडीच टाकून राह्यला होता. त्याले दोघाईनं दाबून धरलं आन् मी गळ टाकला. म्या त्याले उतरू दिला असता तं आज दोन मयती असत्या."

"तिसरीपाशी लाल फडकं होतं का?"

इस्तारी विचारात पडला. "होतं, असं साहेब म्हणतेत. मी तं लालसूकडेच पाहून राह्यलो होतो."

मल्लय्या आमचा फिटर. सिरोंच्याचा तेलुगू माणूस, पिळदार मिशा, हाताला कायम ग्रीस. लालसूशी त्याची मोठी दोस्ती. दोघं मिळून मोडकीतोडकी मराठी बोलायचे, आणि ती ऐकून मला हसू यायचं. आज त्याच्या मिशीला पीळ नव्हता. मी त्याला म्हटलं, मला तिसरी टाकी दाखव. बांबूच्या बेटातून जायची वाट अरुंद. तो बाजूला झाला, हातानं वाट दाखवत म्हणाला, "मुंदु, अम्मा, मुंदु." मी पुढं झाले.

तिसऱ्या टाकीचं झाकण आता परत तोंडावर सरकवलेलं होतं. शेजारी काठीला लाल फडकं. आणि जमिनीवर झाकणाचे बारा बोल्ट, एका ओळीत मांडून ठेवलेले, प्रत्येकाला बोटभर ग्रीस.

"मल्लय्या, हे झाकण कोणी उघडलं?"

"मालूम नाही, अम्मा."

"बोल्ट काढून असे पंगतीला बसवणारा या मशीनवर एकच माणूस आहे. दुसरा कोणी असता तर चार सापडले असते आणि आठ गवतात गेले असते."

तो मटकन खाली बसला. "साहेबानं सांगितलं. इन्स्पेक्टर यायच्या आत तिन्ही टाक्या झाल्या पाहिजे, तिसरीला लवकर हवा दे. सकाळी सहाला उघडली. लाल कापड स्टोअरमधून पाठवतो बोलले. नंतर बोलले, हुकमाचं कोणाला सांगशील तर सिरोंच्याला परत जाशील."

"आणि लालसूला तू काय ओरडलास?"

"पुढच्या टाकीत जा, बोललो! पहिलीत! देवाशपथ, अम्मा, तोच बोललो!" त्यानं छाती बडवून घेतली. "मला मालूम, तिसरी उघडी. मी त्याला तिकडे कसा पाठवीन? माझा भाऊ तो!"

तो खोटं बोलत नव्हता. चेहऱ्यावरून तरी नव्हता. मग आमचा लालसू "पहिलीत जा" हे ऐकून तीन बोटं का दाखवतो?

४

शुक्रवारी सकाळी लालसूला माती दिली. पोलीस जमादार मूलच्या बाजारात बंदोबस्ताला गेलेला, तो सोमवारशिवाय येणार नव्हता. आणि सोमवारपर्यंत टाकी रेतीनं भरून वर सिमेंट वाळलं असतं.

मातीहून परतताना मी बिरजूला म्हटलं, "तुझ्या भावाचा खराटा-बादली कुठी गेली?"

त्याला आठवेना. लालसूला वर काढला, धावाधाव झाली, बादलीकडे कोणाचं लक्ष असणार? पहिल्या टाकीपाशी नव्हती. खोलीवर नव्हती.

दुपारी मशीनची सुट्टी झाली तशी मी दवाखान्यातला आरसा काढला आणि बिरजूला घेऊन तिसऱ्या टाकीवर गेले. झाकण हातभर सरकवलं. आत मिट्ट काळोख. वाकायचं नाही, असं बिरजूला दहादा बजावलं आणि लांबूनच उन्हाची तिरीप आरशावर घेऊन आत सोडली. आमच्या गावात विहिरीत पडलेली घागर अशीच शोधतात.

तिरीप भिंतीवरून खाली उतरली. तेलाचा थेंब नव्हता आत. टाकी कोरडी ठक्क. मिलिटरीनं तिच्यात कधी तेल भरलंच नव्हतं, असं म्हातारे म्हणायचे. भिंती मात्र वरून खालपर्यंत तांबारलेल्या, गंजाचे पोपडे लोंबलेले. आणि तळाशी, शिडीच्या पायथ्याला, खराटा. बादली. खरवडायची लोखंडी पट्टी. तेल टिपायला नेलेलं भुशाचं पोतं, तोंड अजून बांधलेलंच.

बिरजूनं हुंदका दिला. माझ्या मात्र अंगात बळ आलं. पिऊन वाट चुकलेला माणूस खराटा, बादली, पट्टी आणि पोतं घेऊन शिडी उतरत नाही. लालसू कामाला उतरला होता. तिथंच उतरायला सांगितलंय, अशी त्याची खात्री होती.

निघताना माझा पदर त्या लाल फडक्याच्या काठीला अडकला. सोडवायला वाकले आणि फडक्याचा काठ हातात आला. काठ काळ्या दोऱ्यानं शिवलेला होता. लांब लांब टाके, मधेच एक तिरका.

असले गबाळे टाके या मशीनवर एकच बाई घालते, आणि ती मी. दवाखान्याच्या पडद्यासाठी आणलेलं कापड, लाल दोरा संपला म्हणून काळ्यानं शिवलं होतं. बुधवारी संध्याकाळी ते माझ्या कपाटात होतं. गुरुवारी मी लालसूच्या पाठीवर दाब देत असतानासुद्धा कपाटातच होतं.

"बाई," मागून आवाज आला. सावरगावकरसाहेब उभे होते. त्यांची नजर माझ्या हातातल्या आरशावर होती, मग फडक्यावर गेली, मग माझ्यावर. "सोमवारची वाट कशाला बघायची? उद्या संध्याकाळी खोली रिकामी करा."

५

संध्याकाळी मी सामान बांधायला घेतलं. एक ट्रंक, एक वळकटी, बापाचं एक जुनं जाळं. मधेच थांबून कपाळाला हात लावत होते. फडक्याचं कळलं. झाकणाचं कळलं. लालसू पिऊन नव्हता हेही कळलं. पण इन्स्पेक्टर मला पहिला प्रश्न विचारणार, की तो तिसरीत गेला कशाला? आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही. मॅनेजर हसून म्हणतील, अडाणी माणूस, एक आणि तीन कळला नाही. आणि तेही पचेल सगळ्यांना. अडाणी म्हटलं की काहीही पचतं.

दिवेलागणीला बुधरी आली. सोमारीला ताप भरला होता. मी पोरीला मांडीवर घेतलं, अंग पुसलं, गोळीचे तुकडे करून कागदात बांधले.

"दिवसातून तीनदा द्यायच्या. समजलं? किती?"

बुधरीनं माझ्याकडं पाहिलं आणि तीन बोटं उभी केली. "मुंद," ती म्हणाली.

माझ्या हातातून कागद पडला.

"काय म्हटलं?"

"मुंद, बाई. तीन." ती बावरली. "चुकलं का?"

"नाही गं माय, तुझं नाही चुकलं!" मी ओरडलेच. पोर दचकून रडायला लागली. उंदी, रंड, मुंद. बिरजू अर्धा तास माझ्या कानाशी तेच मोजत होता. आणि बांबूच्या वाटेत मल्लय्या मला काय म्हणाला होता? मुंदु, अम्मा. पुढं व्हा, अम्मा.

मूर्ख बाई मी! मल्लय्याला विचारलं काय ओरडलास, त्यानं त्याचा अर्थ सांगितला आणि मी तोच पदरात घेऊन आले. कोणता शब्द ओरडलास, हे विचारायची अक्कल मला झाली नाही.

मी ट्रंक परत सोडली.

६

शनिवारी साडेसातला मी तिसऱ्या टाकीच्या झाकणावर जाऊन बसले. आठला रेतीचे टोपले घेऊन मजूर आले, तेही थांबले. साडेआठला साहेब आले.

"उठा."

"इन्स्पेक्टरसाहेब आल्याशिवाय नाही. घाई असेल तर रेती माझ्या अंगावर ओता."

त्यांनी मजुरांकडं पाहिलं. एकानंही टोपलं उचललं नाही. इस्तारीभाऊ कोंबडी काखेत घेऊन माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. चैताचं ऊन, झाकण तव्यासारखं तापलं, पण मी हलले नाही. इन्स्पेक्टर साडेदहाला आले. छत्री घेतलेला किडकिडीत म्हातारा माणूस. त्यांनी आधी मला पाणी द्यायला लावलं, मग म्हणाले, "बोला, बाई."

मी उठून बोलले. झाकण सरकवलं, आरसा धरून खाली बादली, खराटा दाखवला. मग फडकं. "साहेब, हे कापड लालसू वर आल्यावर माझ्या दवाखान्यातून आलं. झाडू, मी पाठ दाबून राह्यली होती तेव्हा तू काय मांगलं?"

झाडूचा चेहरा पडला. त्यानं मॅनेजरकडं पाहिलं, मग बुधरीकडं. "लाल कापड," तो पुटपुटला. "साहेबानं पाठवलं होतं. काठीले म्याच बांधलं. सगळे दवाखान्यात होते तेव्हा."

"खोटं आहे हे!" सावरगावकर म्हणाले. "आणि समजा फडकं नव्हतं. तरी त्या माणसाला पहिल्या टाकीत जायला सांगितलं होतं. तो तिसरीत का गेला? ते सांगा ना!"

"तेच सांगते. आरा चालू करा."

इन्स्पेक्टरांनी मान हलवली. आरा सुरू झाला, लाकूड किंचाळायला लागलं. बिरजूला मी काही सांगितलं नव्हतं. त्याला टाक्यांच्या मधोमध नेऊन उभा केला, लालसू उभा होता तिथंच. मल्लय्याला बॉयलरपाशी पाठवला. त्याला एवढंच म्हटलं, "गुरुवारी ओरडलास तसंच ओरड. तोच शब्द. मराठीत सांगायचं नाही."

मल्लय्यानं तोंडाशी हात धरले.

"मुंदु! मुंदु!"

बिरजूनं ऐकलं. मान हलवली. समजलं, हे दाखवायला हात वर केला. तीन बोटं. आणि तो वळून सरळ तिसऱ्या टाकीकडं चालू लागला.

कोणीतरी आरा बंद केला.

"साहेब," मी म्हटलं, "तेलुगूत मुंदु म्हणजे पुढचा, समोरचा. गोंडीत मुंद म्हणजे तीन. मल्लय्याला गोंडी आकडे ठाऊक नाहीत आणि लालसूला तेलुगू शब्द. घाईत ज्याच्या त्याच्या तोंडी आपलीच भाषा येते. आऱ्याच्या आवाजात शेवटच्या 'उ'चं एवढंसं शेपूट कोणाला ऐकू येतं? लालसू अडाणी नव्हता. त्यानं ऐकलं तेच केलं. वर बोटं दाखवून विचारून घेतलं. तिसरीपाशी आला तर झाकण उघडं, लाल फडकं नाही, तेलाचा वास नाही. त्यानं काय समजायचं? हो, इथंच काम आहे."

इन्स्पेक्टरांनी इस्तारीला खूण केली. टोपलीतून कोंबडी खाली गेली. आम्ही श्वास धरला. दोर ओढला तेव्हा तिची मान लोंबत होती. इस्तारीनं तिला वाऱ्यावर धरलं, चोचीत फुंकलं, तेव्हा कुठं तिनं पंख झाडले.

"गंज," इन्स्पेक्टर हळूच म्हणाले. "बंद टाकीत लोखंड बारा-चौदा वर्षं गंजत राहिलं की आतली जीव धरणारी हवा खाऊन टाकतं. वास येत नाही, काही नाही. परवा उघडली होती, तरी अजून ही गत आहे. उघडायला कोणी सांगितली?"

"मॅनेजरसाहेबांनी," मल्लय्या म्हणाला. तो धावत आला होता. सिरोंच्याची भीती त्याच्या तोंडावर आता कुठंच नव्हती. "मी उघडली. कापड न लावता सोडली. लिहा, साहेब, माझं नाव बी लिहा." मग तो बुधरीसमोर जाऊन उभा राहिला. "अय्यो, वदिने. माझ्याच तोंडानं गेला तो. मीच पाठवला त्याला."

वदिने म्हणजे त्यांच्यात वहिनी. बुधरीला तो शब्द कळला की नाही, देव जाणे. मला वाटलं आता ही याच्या तोंडावर थुंकते, आणि थुंकली असती तरी मी तिला बोल लावला नसता.

"तू त्याले चांगल्या टाकीत धाडत होता," ती म्हणाली. "वंगाळ टाकी उघडी ठेवाले त्यानं सांगितलं तुले." आणि तिनं सावरगावकरांकडं बोट केलं.

साहेब छत्रीखालच्या म्हाताऱ्याला काही समजावू लागले. म्हाताऱ्यानं त्यांना ऑफिसात चला म्हटलं, एवढंच. त्यानंतर आम्ही त्यांना आरामशीनवर पाहिलं नाही.

मी कागद तिथंच, झाकणावर ठेवून लिहिला. "लालसू शुद्धीत होता. सांगितलं तसं ऐकून कामाला उतरला. लाल फडकं न लावता उघडी ठेवलेल्या टाकीत हवा नव्हती, म्हणून मेला." खाली सही केली, गोकुळाबाई, चांगली ठसठशीत. बुधरीनं तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. पाठ झाल्यावर मगच हातातून सोडला.

आठ दिवस तिसरीला हवा दिली. कोंबडी कुरकुरत वर आली तेव्हा इस्तारी स्वतः खाली उतरला आणि लालसूचा खराटा, बादली वर घेऊन आला. पुढच्या सोमवारी टाकी भरायला घेतली. बुधरी त्या दिवशी पहिल्यांदा कामावर आली होती, डोक्याला चुंबळ, सोमारी माझ्यापाशी दवाखान्याच्या ओसरीत.

टोपले मोजायचं काम मल्लय्यानं मागून घेतलं. बिरजूकडून चार दिवस शिकला होता, म्हणे. पहिलं टोपलं आत पडलं.

"उंदी," मल्लय्या म्हणाला.

दुसरं पडलं. "रंड."

तिसरं टोपलं बुधरीच्या डोक्यावर होतं. ती तोंडाशी येऊन उभी राहिली. मल्लय्यानं खडू पाटीला टेकवून तसाच दाबून धरला. हातातली खडूची काडी मोडली त्याच्या. मागं ओळ थांबली, कोणी घाई केली नाही.

बुधरीनं टोपलं खाली ओतलं. मग त्याच्याकडं वळून, लहान पोराला सांगावं तसं, सावकाश म्हणाली, "मुंद."

"मुंद," मल्लय्या म्हणाला, आणि पाटीवर तिसरी रेघ ओढली.